गाडीत कोणी राहिलं का

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सौ.च्या भाजलेल्या हाताला उतार पडतोय हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या गुडघ्याची रडकथा मात्र मी अर्धीच वाचली. स्वतःचं औषधांचं दुकान असून ज्याला गुडघ्याला मलम लावायला सवड होत नाही, त्याची कीव कोण करणार.

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यात मी सायकल घेऊन निघते आहे. दरवर्षीसारखीच: पॅसेंजरने, शेवटच्या डब्यात सायकल उभी करून, आणि उतरल्यावर कालव्याच्या कडेकडेने तळ्यापर्यंत. आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी रजा दिली. देताना आवाज इतका मऊ काढला की मला त्यांच्यावर खेकसावंसं वाटलं. हल्ली सगळेच माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात. नेते आहे ती माझी सायकल. ह्यांची जिन्याखाली आहे आणि तिथेच राहील.

तू सोबत येतो म्हणालास. नको. सायकलवर तुझा तोल किती राहतो ते अख्ख्या गल्लीने पाहिलंय. आणि थट्टा बाजूला ठेवून सांगते, यंदा मी एकटी गेले नाही तर पुढे कुठेच जाणार नाही. मग मी कोणीतरी न्यायची आणि कोणीतरी आणून सोडायची बाई होईन. आठ दिवस तुझ्याकडे, आठ दिवस नणंदेकडे, पिशवी कायम भरलेली. ते मला जमायचं नाही.

सौ.ला आशीर्वाद. माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण लोभात काटछाट करू नकोस.

तुझी,
ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं काढून दिलं. सौ. शेजारी होती म्हणून निभावलं. तुझ्या हट्टापुढे मी लहानपणापासून हात टेकत आलोय, आजही टेकतो. जा.

पण मला भीती वाटते, ते लिहून टाकतो. भाऊजी गेले त्या दिवशी तू आलेल्या प्रत्येकाला चहा दिलास, डॉक्टरांचे आभार मानलेस, रडणाऱ्या सौ.च्या पाठीवरून हात फिरवलास. नातेवाइकांना फोन मी केले. भाऊजींच्या शाळेत मी जाऊन सांगितलं, कारण तू म्हणालीस की तूच कर, मला स्वयंपाकघर आवरायचंय. सात महिने झाले ताई, भाऊजी गेले हे तुझ्या तोंडून मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. आणि आता ज्या वाटेने तू फक्त त्यांच्याबरोबर गेलीस, तिथे एकटी निघालीस. तिथे तुझा पाय अडला तर मी काय करू?

भाऊजी ड्रॉइंगमास्तर, पण नकाशा हातात आला की हमखास उलटा धरायचे, आणि रस्ता तूच शोधायचीस. त्यामुळे वाट चुकशील अशी काळजी मला नाही. काळजी दुसरीच आहे, ती तुला कळते. उतरलीस की दोन ओळी टाक.

सायकलच्या डब्यात मला जागा नाही म्हणतेस तर नसो, मायेत तेवढी असू दे.

तुझा,
धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाबरू नकोस, हातपाय धड आहेत. स्टेशनमास्तरांच्या खोलीत बसून लिहिते आहे. त्यांनी फोन पुढे केला होता, पण हे मला बोलता येणार नाही. उद्या सकाळच्या गाडीच्या गार्डना तुझं दुकान माहीत आहे, ते पत्र आणून देतील.

आमची उतरायची रीत तुला ठाऊक नाही. इथे गाडी जेमतेम थांबते, आणि डबा उंच, फलाट खाली. म्हणून मी आधी उतरायची, वळून हात वर करायची, आणि हे दारातून आधी माझी, मग स्वतःची सायकल खाली सोडायचे. लग्न झाल्यापासून असंच. त्यात बोलावं लागत नसे.

आज मी उतरले, वळले, हात वर केले. गाडी सुटली तरी मी तशीच उभी. मला राग आला होता, की हे आत करतायत तरी काय. सायकल गाडीबरोबर गेली.

मास्तर धावत आले. गाडीत कोणी राहिलं का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले. म्हटलं, माझे मिस्टर राहिले, त्यांच्याजवळ दोन सायकली आहेत. खोटं बोलतेय असं मला वाटलं नाही रे. त्यांनी अंगात काय आहे विचारलं. मी करडा स्वेटर सांगितला, टोपी सांगितली, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलाय तेही सांगितलं. मी कामाला चष्म्याच्या दुकानात आणि नवऱ्याचा चष्मा हा असा, म्हणून ओशाळं हसलेसुद्धा. मास्तरही हसले. म्हणाले, काळजी करू नका, पुढच्या स्टेशनावर उतरवून घेतो. तिकडे फोन करून गाडी थांबवून ठेवली आणि माणसं एकेक डबा बघायला लागली. मी बाकावर बसून ह्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. मला इतकं बरं वाटत होतं, धाकट्या. सात महिन्यांत तसं वाटलं नव्हतं.

मग निरोप आला. शेवटच्या डब्यात सायकल मिळाली, एकच. करड्या स्वेटरचे गृहस्थ कुठल्याच डब्यात नाहीत. मास्तर हळूच म्हणाले, इथल्या आधीच्या एखाद्या स्टेशनावर उतरले असतील, तिथेही विचारून बघतो. ते परत फोन उचलायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, नका विचारू, हे गेले. मास्तरांनी फोन खाली ठेवला. मग मी रडले, परक्या माणसाच्या टेबलावर डोकं ठेवून, घसा दुखेपर्यंत.

सायकल संध्याकाळच्या गाडीने परत येईल, पण तळ्यापर्यंत आता मी जात नाही. मास्तरांच्या बायकोने वरच्या खोलीत गादी घातली आहे. मला एकटीने गाडीत बसवत नाही. मला न्यायला ये.

लोभ मागायचं त्राण आज नाही, तो तू न मागता करशीलच.

तुझी,
ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गार्ड परतीच्या गाडीने लगेच निघालेत, म्हणून त्यांना थांबवून हे घाईने लिहितो. सौ. हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली आहे. ती आली की दुकान तिच्यावर सोपवून दुपारच्या गाडीने मी निघतो. स्टेशनावर येऊ नकोस, खोलीतच थांब. मास्तरांना माझा नमस्कार सांग.

आपलं डोकं फिरलं की काय, असं तुझ्या मनात येत असेल. ते काढून टाक. तुझं पत्र मी काउंटरपाशी उभं राहून वाचलं. माणसं एकेक डबा बघायला लागली, तिथपर्यंत आलो आणि पान उलटायच्या आधी माझा हात थांबला. भाऊजींना शेवटचं उचलून नेणाऱ्यांत मी होतो, ताई, आणि तरी मला वाटलं, आता सापडतील.

तुझा,
धाकटा