फळ्याकडे तोंड

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा संशय गेलेला नाही. तुम्हाला सगळं कळलं होतं, असा तो संशय आहे.

पेणच्या कॉलेजात मी जोहे गावाहून एसटीने यायचे. दुसऱ्या वर्षाला तुम्ही मला मागच्या बाकावरून उठवून पुढे बसवलंत. का, ते सांगितलं नाहीत. मग शिकवताना सारखे माझ्याकडे बघायचात. एकदा तोंडासमोर हजेरीपट धरून माझा नंबर पुकारलात. शेजारणीने कोपर मारलं तेव्हा मी उठले. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. हा माणूस माझ्यावर का टपलाय?

मला कमी ऐकू येतं हे तोवर फक्त मला ठाऊक होतं. आमच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या कॉम्प्रेसरपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळेच खुणा करतात, ओठ बघतात. त्यात माझं बहिरेपण कुणाला दिसणार? आणि घरात माझ्या लग्नाचं बघत होते.

एके दिवशी स्टाफरूमच्या दारात तुम्ही सावकाश म्हणालात, "रोह्याला माझ्या ओळखीचे कानाचे डॉक्टर आहेत. जाऊन ये. कुणाला सांगू नकोस हवं तर."

आईला मी यातलं अर्धंच सांगितलं. मूर्तीचे डोळे आखता आखता तिचा हात थांबला. "एकट्या पोरीला रोह्याला बोलावतोय? आन् वर कुनाला सांगू नको? लक्षण बरं नाय हां गो." डॉक्टरांचं मी बोललेच नाही. मला तुमचा हेतू चांगला कळला होता, सर. तरी माझं बहिरेपण फुटेल या भीतीने मी आईचा संशय उचलला आणि प्राचार्यांना निनावी अर्ज केला : सर तासाला मुलींच्या तोंडाकडे बघतात. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. नीचपणा तोच.

पुढच्या सोमवारपासून तुम्ही फळ्याकडे तोंड करून शिकवू लागलात. मला नुसती तुमची पाठ दिसायची. पण आधी चार ओळी लिहिणारे तुम्ही आता बोलाल तो प्रत्येक शब्द फळ्यावर लिहायचात. मुलं वैतागायची. मी उतरवून घ्यायचे, आणि त्यावरच पदवीधर झाले. ते माझ्यासाठी होतं, की पुन्हा कुणाकडे बघायला नको म्हणून? माझ्या वह्या तुम्हीच तपासायचात. अर्जाचं अक्षर तुम्ही ओळखलं नसेल, हे मला खरं वाटत नाही.

आता मी रोह्याच्या कॉलेजात शिकवते, जवळच वरसे गावात राहते. कानात मशीन आहे, केसांखाली. यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मी फळ्याकडे वळले की तिचं पेन थांबतं. मी परत वळले की तिची नजर थेट माझ्या ओठांवर येते. तिला बाजूला घेऊन दोन शब्द बोलायचे, एवढंच काम आहे. महिना झाला, मी बोललेले नाही. मला तिच्या अर्जाची भीती वाटते.