आठ दिवसांचा अभ्यास

इन्स्पेक्टरीणबाई,

तू झोपेत असतानाच निघालोय. माझ्या साखरेचा रिपोर्ट आज नऊला मिळणार आहे. तुला उठवलं असतं तर तू सोबत आली असतीस, आणि मग मला धीट असल्याचं नाटक करावं लागलं असतं.

एक कबुली देतो. तपासणीआधी आठ दिवस मी बिनसाखरेचा चहा प्यायलो, आणि तू लेकीला फोनवर माझं केवढं कौतुक सांगितलंस! ती नुसती परीक्षेची तयारी होती. आयत्या वेळी घोकंपट्टी करणाऱ्या पोरांचे कान जन्मभर पिळले आणि स्वतः तेच केलं. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "काका, यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं." तेव्हापासून हिशेब मांडतोय. त्या तीन महिन्यांत जॅमच्या चार बाटल्या मी संपवल्या. तू उगाच जावयावर संशय घेत होतीस. रिकाम्या बाटल्या माझ्या बुटांच्या खोक्यात सापडतील.

दूध तापवून ठेवलंय. कुंड्यांना पाणी घातलंय, दोनदा.

दाराआड दादाची कुबडी अजून तशीच आहे. त्याचा पाय गेला, त्याचीही सुरुवात अशाच एका रिपोर्टाने झाली होती. आज ती माळ्यावर टाकायला गेलो, पण हात लावायचा धीर झाला नाही. मी यायच्या आत तेवढं तू कर.

आणि दारातच काही विचारू नकोस. आधी मला बूट काढू दे. दोन्ही.

— मास्तर