दहावी जागा

प्रिय शालू,

काल जासईला जाऊन आले. मंगलकडे. हो, आपली जुहूगावची मंगल, जिला आपण संघात घेतलं नाही ती. 'आपण' म्हणायची सवय बघ अजून जात नाही! तू तर घ्या म्हणत होतीस. नको म्हणणारी मी.

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि हे कागद घेऊन बसले. सात वर्षं तुझ्याशी बोलायचं टाळलं ते आज लिहितेय. समोर तू नाहीस, म्हणूनच धीर झाला असेल. असली मी!

तुला आठवतं, आपण दोघी वाशीत राहायला आलो तेव्हा काय होतं इथे? चार-पाच इमारती, खाडीचा वारा आणि संध्याकाळी पाच वाजता काय करायचं हा प्रश्न. तू पुण्याला कॉलेजच्या संघात खेळलेली, मी दादरला. बसस्टॉपवर ओळख झाली आणि दुसऱ्याच वाक्याला तू विचारलंस, "इथे बास्केटबॉलचं काही आहे का हो?" मी हसले होते. इथे तेव्हा धड भाजीवाला नव्हता!

आणि तू कोर्ट उभं केलंस. मंडळाच्या कर्णिककाकांच्या मागे लागून लागून भरावाच्या जमिनीचा तो तुकडा मिळवलास. बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्टीतल्या वर्कशॉपमधून लोखंडी रिंगा करून आणल्यास. फक्कीच्या रेघा आपण दोघींनी मारल्या. पहिल्या आठवड्यात तीन मुली आल्या, वर्षाने सोळा. सगळ्या फ्लॅटमधल्या. आयांना वाटायचं, पोरी घरात बसून कंटाळतात, त्यापेक्षा बरं.

मंगल मात्र शेजारच्या जुहूगावातून स्वतःहून आली. एकोणीस वर्षांची, साडीचा पदर खोचलेला, डोक्यावर लाकडांची मोळी. ती मोळी खाली ठेवून अर्धा तास नुसती बघत उभी होती. मग म्हणाली, "बाई, मी पन खेलीन. मना शिकवाल?" नीलिमा आणि बाकीच्या पोरी फिस्सकन हसल्या. मीही हसले असेन. तू हसली नाहीस. तू तिच्या उंचीकडे बघत होतीस. रिंगखाली उभी राहून जराशी उडी मारली तर जाळीला बोटं लागत होती तिची!

त्या दिवसापासून तुझं बोलणंच बदललं. आपल्या गप्पांमध्ये मंगल, चहाला बसलो की मंगल. आज मंगलने डाव्या हाताने चेंडू टाकला. आज मंगलने मागून येऊन बॉल काढून घेतला. खरं सांगू? मला त्याचा राग यायचा. नीलिमा माझा शोध होती. दादरला दोन वर्षं शिकून आलेली, दहापैकी सात बास्केट घालणारी. तिच्याकडे तू नुसतं 'छान' म्हणून बघायचीस. मंगलला मात्र पहाटे एकटीला शिकवायचीस. मला कधी बोलावलंस का गं? एकदाही?

मग ती स्पर्धा जाहीर झाली. आपल्या संघाची पहिलीच जिल्ह्याची स्पर्धा. पट्टीतल्या एका कंपनीने सांगितलं होतं, अंतिम फेरीत गेलात तर दोन मुलींना नोकरी देऊ. संघात दहा जागा. नऊ नावं आपण एका बैठकीत लिहून काढली. दहाव्या जागेसाठी मात्र पंधरा दिवस भांडलो.

"उंची शिकवता येत नाही, कुसुम. बाकी सगळं शिकवता येतं," तू म्हणायचीस.

"स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय. रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, हा नियमही तिला अजून कळत नाही."

"आपला संघ आत्ता कुठे वर्षाचा होतोय. पुढच्या पाच वर्षांचं बघ ना."

"आत्ता हरलो तर पुढची पाच वर्षं आहेत कुठे? काका ग्राउंड काढून घेतील."

ह्यात माझं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. वाद म्हणून तो वाद खरा होता. नीलिमा तयार होती, मंगल होणार होती. नव्या संघाने कोणाला घ्यावं ह्याचं एकच उत्तर नसतं. मी तेवढ्यावर थांबले असते, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

काकांकडच्या बैठकीच्या आदल्या दिवशी बसस्टॉपवर तू मला बाजूला घेतलंस. मंगलचं लग्न जवळजवळ ठरलंय म्हणालीस. जासईचा मुलगा. तिला नको आहे. तिने बापाकडून शब्द घेतलाय, संघात नाव आलं आणि नोकरीची आशा असली तर लग्न दोन वर्षं थांबवेन म्हणून. "कोणाला बोलू नकोस हं. पोरीने शपथ घातलीय मला. तुला सांगतेय ते एवढ्यासाठी, की उद्या तू तिच्या बाजूने हात वर करावास."

मी मान हलवली. हलवली ना?

कर्णिककाकांच्या घरी आपण तिघंच. काकूंनी चहा आणि खारी दिली होती. तू अर्धा तास बोललीस, आणि इतकं छान बोललीस, की काकांचा कल मंगलकडे झुकतोय हे मला दिसायला लागलं. ते म्हणाले, "शालिनीबाई म्हणतात त्यात तथ्य आहे. आपल्याकडे उंच मुलगी एकही नाही." त्यांनी पेन उचललं.

आणि मी बोलले. "पण काका, तिचं लग्न ठरतंय. अर्ध्या स्पर्धेतून उठून गेली तर?"

तू माझ्याकडे पाहिलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त कप खाली ठेवलास.

"मग प्रश्नच मिटला," काका म्हणाले.

"नाही काका, उलट आहे," तू घाईने म्हणालीस. "तिला घेतलं तर लग्न थांबेल. न घेतलं तर होईल."

"बाई, आपण इथे संघ निवडायला बसलोय, लोकांची लग्नं मोडायला नाही." आणि त्यांनी नीलिमाचं नाव लिहिलं.

खाली उतरलो तर तू काही बोलशील म्हणून मी वाट बघत होते. तू म्हणालीस, "उद्या साडेपाचला प्रॅक्टिस आहे." बस्स! एवढंच!

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. पहिले दोन सामने नीलिमाने जिंकून दिले. मी मिरवले. उपांत्य फेरीत समोर दोन उंच पोरी होत्या. रिंगवरून परत आलेला एकेक चेंडू त्या वरच्या वर उचलत होत्या आणि आपल्या पोरी खालून नुसते हात हलवत होत्या. तू बेंचवर माझ्या शेजारी होतीस. एकदाही 'बघ' म्हणाली नाहीस. कंपनीची नोकरी कोणालाच मिळाली नाही. वर्षभरात नीलिमाच्या वडिलांची बदली झाली आणि ती नागपूरला गेली.

त्याच्या आधी, मे महिन्यात, मंगलचं लग्न झालं. तू एकटी गेलीस. मी शाळेचे पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत आलीस तेव्हा मी विचारलं, कसं झालं लग्न? तू म्हणालीस, "जेवण छान होतं." आणि मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं ना.

शालू, तेराव्याला मंगल आली होती. तुझ्या घरी, दारात वाकून आत आली. अजून तेवढीच उंच आहे, पण खांदे पुढे आलेत. तुझ्या फोटोसमोर बसली, रडली नाही. मग मला ओळखून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, सात वर्सा मी त्यांच्यासंगं बोलले नाय. आता फोटोसंगं काय बोलू?"

मी विचारलं, का नाही बोललीस?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. लग्न ठरतंय म्हणून घेतलं नाही, हे काकांनी तिच्या बापाला सांगितलं. तिने लग्नाचं फक्त तुला सांगितलं होतं. ती तडक कोर्टावर आली आणि सगळ्या पोरींसमोर तुला विचारलं, "बाई, तुमी सांगितलं?" आणि तू म्हणालीस, "हो मंगल. माझ्याच तोंडून गेलं."

का गं? का म्हणालीस तसं? 'कुसुमने सांगितलं' हे दोन शब्द जड होते का एवढे? मी त्या दिवशी कोर्टावर नव्हते. पोरींपैकी कोणी मला बोललं नाही. त्यांनी सात वर्षं तुलाच दोष दिला, आणि तू तो घेऊन रोज त्यांना पळवत राहिलीस, त्यांच्या बुटांच्या लेस बांधत राहिलीस! लग्नात तू नेलेली साडी मंगलने भर मांडवात परत तुझ्या हातात दिली. तेही मला तेराव्यालाच कळलं. तू म्हणाली होतीस, जेवण छान होतं.

मला वाचवायचं म्हणून केलंस, की मला शिक्षा म्हणून? मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. बहुतेक तिसरंच असेल. मला सांगितलंस ही चूक तुझीच, असं तू मनापासून मानलं असशील. तू तशीच होतीस.

आणि तेराव्याला मी काय केलं? गप्प बसले. मंगलच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि गप्प बसले. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात तू मला विचारलं होतंस, "मंगलची काही खबर?" तेव्हाही मी 'नाही गं' म्हणून तुझी उशी सारखी करत बसले होते. बोलायला किती वेळ दिलास तू मला!

म्हणून काल गेले. जासई आता ओळखू येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर रचलेत, ट्रेलरची रांग, धूळ. तिच्या सासरची शेती बंदराच्या कामात गेली. नवरा ट्रेलरवर आहे, ती घरामागे उरलेल्या वाफ्यात मेथी लावते. मी गेले तेव्हा जुड्या बांधत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. बसस्टॉप, चहा, काका, मी.

तिने हातातली जुडी पुरी बांधली. दुसरी घेतली, तीही बांधली. मग म्हणाली, "तुमी आता मोकल्या झाल्या. मी काय करू?"

मी म्हटलं, मला माफ कर.

"मी तुमच्यावर कंदी रागावलीच नाय, तुमाला काय माफ करू? राग केला तो त्यांचा केला. साडी परत दिली ती त्यांना दिली." तिने जुड्या बाजूला सारल्या. "बाई व्हत्या तेवा सांगाचं व्हतं. मी धावत आले असते."

मग ती घरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी थोडा वेळ अंगणात उभी राहिले. आतून रडणं ऐकू येत होतं. मी दार वाजवलं नाही. मला तिथे काय काम होतं?

येताना बसमध्ये कळलं, की खरं बोलून मी काही परत केलं नाही. तिच्याकडे राग होता, तो तरी तिला धरून उभा होता. तोही मी काढून घेतला. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं, सांगायला नको होतं का गं? तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच माहीत नाही. सात वर्षं तुझ्या शेजारी बसून मला तुझं एवढंही माहीत झालं नाही.

पण अर्धं सांगून थांबता येणार नाही. येत्या रविवारी मी जुन्या सगळ्या मुलींना कोर्टावर बोलावलंय. दोघी ठाण्याहून येतील, एक पनवेलहून. कर्णिककाकांनाही काठी टेकत यायला सांगितलंय. त्यांना वाटतंय तुझी शोकसभा आहे. असू दे. त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन, मंगलची गोष्ट शालूने फोडली नाही, मी फोडली. तुझ्या स्वभावाचं कौतुक करून विषय गोड करणार नाही. स्वतःला रडू देणार नाही. त्यानंतर कोणी माझ्याशी बोललं नाही, तर नाही बोललं. तुझ्या नावावर सात वर्षं राहिलेलं हे मी माझ्या नावावर घेईन. एवढा शब्द देते. ह्या वेळी नुसती मान हलवत नाही, लिहून देते.

तुझी,
कुसुम