झोपाळ्याची अर्धी बाजू

नडियाद

ती. कुमुदबेन यांस रेवाचे जय श्रीकृष्ण. तुमचे गुडघे कसे आहेत? सुरतेची हवा मानवते असं तुम्ही दर वेळी लिहिता आणि वजनाबद्दल दर वेळी लिहायचं टाळता.

माझ्या मरणाची बातमी पोचली असेल तर ती चुकीची आहे. झालं असं की दिवाळीनंतर माझा डावा हात बधिर पडू लागला. बोटांत मुंग्या, तळवा गार. वाचनालयातून घरगुती वैद्यकाचं पुस्तक आणलं. डावा हात म्हणजे हृदय, असं त्यात ठळक छापलं होतं. (पुढचं पान वाळवीने खाल्लं होतं.) मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी आधी थेपल्यांचा डबा भरला आणि मग शेजारच्या जशीबेनला घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरने माझा हात वर धरला, मनगटावर बोटं ठेवली आणि समाधानाने म्हणाला, ‘नाडी गेली.’ दाराबाहेरच्या जशीबेनने तेवढंच ऐकलं. हात खाली घेतला की नाडी परत येते, मान आणि खांद्यामधल्या चिंचोळ्या वाटेत नस आणि रक्तवाहिनी दाबली जाते, हे ऐकायला ती थांबली कुठे? मी घरी पोचले तर सगळी पोळ, गल्लीतली एकूणएक बाई, पांढऱ्या साड्यांत माझ्या ओट्यावर बसून माझेच थेपले खात होती. मला पाहून जशीबेन म्हणाली, ‘मरायचं नव्हतं तर आधी सांगायचं, बाई.’

हात वर करून काय काम करता, असं डॉक्टरने विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही, वाचते. दुसऱ्या दिवशी जशीबेनने जाऊन चहाडी केली, ‘दिवसभर झोपाळ्याच्या साखळीला लटकते ही.’ खरं आहे. तुमचे भाई गेले तरी मी माझ्याच बाजूला बसते. त्यांच्या बाजूला वजन नाही, झोपाळा माझ्याकडे कलतो, म्हणून हात वर करून साखळी धरावी लागते. डॉक्टर म्हणतो, मधोमध बसा, हात मांडीवर. बसून पाहिलं. पण सवय त्यांना वाचून दाखवायची; मोठ्याने वाचायचं ते कोणाकडे तोंड करून, हे मधे बसलं की कळत नाही. आता जिगर म्हणतो, ‘बा, नीट बसणार नसशील तर उत्तरायणाला येऊन झोपाळाच उतरवतो.’ मुलगा बापावर गेला आहे, बोललेलं करतो.

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद.

रेवा

ता. क. उत्तरायणाआधी राहायला या. वजन कमी करू नका, सध्या त्याचीच गरज आहे.

आणखी एक. त्यांच्या बाजूची गादी उन्हात घालून ठेवली आहे. तुम्ही बसायला गेलात की मी ‘तिथे नको’ म्हणेन. तरी बसा.