डबा रिकामा पाठवू नये

भोवरदरा,
१४ जुलै २०२४

ती. आबांस,
शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

पलूसहून येणाऱ्या मुक्कामी एसटीनं काल डबा पोचला. कंडक्टर नाथाजीकाका सांगत होते, कराडच्या पुढं अख्ख्या गाडीत आईच्या ठेच्याचा वास सुटला होता आणि दोघांनी हा डबा कुठल्या खाणावळीचा म्हणून विचारलं. इथं फोनला रेंज नाही ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर तुम्ही बरी हायस न्हवं एवढंच विचारता आणि मी व्हय म्हणते. पत्रात खोटं लिहायला जास्त वेळ लागतो.

म्हणून खरं लिहिते. मी बरी नाही. दर सोमवारच्या बैठकीआधीची रात्र जागून काढते. तीन तलाव, एक कालवा आणि इंजिनियर मी एकटी. बाकीच्या जागा रिकाम्या आहेत. जागेवर न जाताच कामाच्या मापांवर सही कर असं साहेब सांगतात. नाही केली, की शिकलेल्या पोरी लय शहाण्या असतात म्हणून चारचौघांत हसतात. केस मुठीनं गळतात. संध्याकाळी धरणाच्या मातीच्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, तेवढा वेळ श्वास नीट येतो.

त्या भिंतीचंही सांगते. खालच्या अंगाला, पायथ्याशी, चटईएवढी जागा ओली झाली आहे. मातीचं धरण थोडं पाझरतंच. येणारं पाणी नितळ असलं तर भीती नसते. अजून नितळ आहे. पण त्याच्या बरोबर खाली वाडी आहे, म्हणून रोज बघते.

आबा, नोकरी सोडू का? तुम्ही हो म्हणालात तर या महिन्यात राजीनामा देते. तुमच्या शब्दाशिवाय देणार नाही.

डबा रिकामा पाठवू नये असं आई म्हणते, म्हणून वाडीतल्या बनाबाईंनी दिलेली करटुली घातली आहेत. आईला नमस्कार, सृष्टीला चिमटा. तुमची माया कमी झाली तर पत्रातच कळवा, तोंडावर सांगू नका.

तुमची,
शिवांजली

•

१८ जुलै २०२४

चि. शिवांजलीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, करटुली बी पोचली. तुझ्या आईनं भाजी केली, माझ्या वाट्याला वास आला.

राजीनाम्याचं डोक्यातनं काढ. मी फौजेत एक आख्खा हिवाळा बर्फात एका ठाण्यावर काढला. वरचा सुभेदार रोज शिव्या घालायचा. पण बदली माणूस येईस्तवर पोस्ट सोडायची न्हाई, एवढं एकच ठावं होतं. तुझ्यावर गोळ्या तर झाडत न्हाईत न्हवं? माणसं हसत्यात. हसू दे.

तुझ्या निवडीचा फ्लेक्स अजून चौकात हाय. उन्हानं तुझं तोंड पांढरं पडलंय, तरी मी काढू देत न्हाई. आपल्या घरात तुझ्या आदी कुणी कॉलेजची पायरी चढलं न्हवतं. आन दुसरं, सृष्टीला विट्याच्या गलाईवाल्याचं स्थळ आलंय. सोन्याचा धंदा हाय, हैदराबादला दुकान हाय. त्यांनी पयला सवाल काय केला, तर थोरली सरकारी साहेब हाय ते खरं का. आता तूच सांग, मी काय सांगू?

आई म्हंती केसाला माक्याचं तेल लाव, ते डब्यात ठेवलंय. भाजीत घालू नको.

जीव लावतोच, तो लिवून दावायचा न्हाई अशी आमची पद्धत. डबा घासून ठेव.

तुझा आबा,
हंबीरराव

•

भोवरदरा,
५ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मानला. राजीनाम्याचं पुन्हा काढणार नाही.

पण आता दुसरी गोष्ट आहे. तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी पडतंय, आणि पायथ्याची ती ओल अंगणाएवढी झाली आहे. परवापासून तिथं येणारं पाणी गढूळ आहे. गढूळ म्हणजे काय, ते आपल्या चौकीदार आकारामकाकांना दाखवलं. काचेच्या बाटलीत ते पाणी धरलं आणि सकाळपर्यंत तसंच ठेवलं. तळाला बोटभर माती बसली. ती माती भिंतीच्या आतली आहे. पाणी भिंतीला आतून पोखरतंय. काका बाटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ताई, उंदरानं कणगी खाल्ल्यागत हाय हे, वरनं काय बी दिसत न्हाई.

मी साहेबांना लेखी कळवलं, की धरणाच्या विहिरीतला कालव्याचा दरवाजा उघडून पाणी खाली घ्यावं आणि ओलीवर वाळू-खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती अडते. साहेबांनी कागद परत दिला. नारळी पौर्णिमेला आमदार दादांच्या हस्ते जलपूजन आहे. दादांना भरलेलं तळं दाखवायचंय, गाळ नाही, असं म्हणाले. मांडव कुठं घालायचा ठरलाय माहीत आहे? पायथ्याशी. ती एकच जागा सपाट आहे म्हणून. खाली ओल आहे म्हटल्यावर त्यांनी मुरमाचे ट्रक मागवले आणि सगळी दाबून टाकली. वरनं लाल गालिचा येणार आहे. पाण्याची वाट अशी बुजवली की ते थांबत नाही, आबा. दुसरीकडून जोर करतं.

आता संध्याकाळी भिंतीवर चालवत नाही. पायाखाली काहीतरी हलतंय असं वाटतं. हलत नसेलही.

तुम्ही जलपूजनाला येऊ नका. कारण विचारू नका, वर लिहिलंच आहे.

डब्यात जांभळं आहेत, यंदाची शेवटची. माझी आठवण काढा, पण उचकी लागेल इतकी नको.

शिवांजली

•

८ ऑगस्ट २०२४

चि. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नका म्हंतीस, आन इथं टेम्पो ठरला बी. गावातली माणसं पोरीला स्टेजवर बघायला निघाल्यात. विट्याचे पाव्हणे बी येणार. तळ्याची ओटी भरायला आईनं हिरवी साडी आणलीय, ती मलाच हात लावू देत न्हाई.

तुझं काम लय हाय, झोप न्हाई, त्यानं मन भितं. बर्फात आमाला बी रोज दुश्मन दिसायचा, निम्म्या येळा दगड निघायचा. तू वर कळवलंस, तुझं काम झालं. वरच्याचं वरचा बघंल. हुकमाबाहेर पाऊल टाकू नको. सृष्टीची बैठक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हाय, तवर तरी गप राहा.

आई इचारती, स्टेजवर कुठली साडी नेसणार. नारिंगी नेस, लांबनं दिसंल.

माया हाय तशीच हाय, तू फकस्त नीट जेव.

तुझा आबा

•

भोवरदरा,
१५ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज झेंडावंदनाला सगळे तालुक्याला गेले. आकारामकाकांना मी सुट्टी देऊन त्यांच्या लेकीकडे पाठवलं. नंतर त्यांच्यावर काही येऊ नये म्हणून. मग विहिरीवर जाऊन दरवाज्याचं चाक मी एकटीनं फिरवलं. हाताची सालं निघाली. पाणी कालव्यात पडायला लागलं तसा खालून आवाज आला, मोठं जनावर कूस बदलतं तसा. चाकाचा दांडा काढून घेतला आहे, त्याशिवाय दरवाजा बंद होत नाही. तो मी कुणाला देणार नाही.

पौर्णिमेपर्यंत पाणी बरंच खाली जाईल. भिंतीवरचा भार कमी होईल. मांडवातली माणसं आणि वाडी, दोन्ही वाचतील. माझं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. सृष्टीचं काय होईल तेही कळतं, आणि त्याची मला तिच्यापेक्षा जास्त लाज वाटते.

तुम्ही पोस्ट सोडू नको म्हणालात. मी सोडलेली नाही, आबा. ऑफिसातली खुर्ची ही माझी पोस्ट नव्हती एवढंच.

हे वाचून रागवाल. रागवा, पण नाव टाकू नका.

शिवांजली

•

२१ ऑगस्ट २०२४

शिवांजली,

तुझं पत्र आलं तवा टेम्पोत माणसं बसली हुती. काय सांगून उतरवू? आलो. दादा पायऱ्या उतरून गेले तर पाण्यापतोर नुसता चिखल. नारळ फेकला तो चिखलात बसला, बुडला बी न्हाई. साडी तशीच. कुणीतरी हसलं. मग तुझा साहेब तुला स्टेजसमोर उभी करून काय काय बोलला ते मी ऐकलं. वाडीतली तुझी ती बनाबाई बी बोटं मोडत हुती, आमचं उन्हाळ्याचं पाणी पोरीनं गटारात सोडलं म्हणून. मी टेम्पोतनं उतरलो न्हाई.

भिंत हाय तशी उभी हाय. एक ढेकूळ पडलं न्हाई. विट्याच्या पाव्हण्यांनी बैठक पुढं ढकललीय, म्हंजे मोडलीय. चौकातला फ्लेक्स काढला.

आई रडती. सध्या फोन करू नको.

हंबीरराव

•

सातारा,
२२ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

मला निलंबित केलं ते कळलंच असेल. दुष्काळी भागातलं पाणी विनापरवाना सोडलं, असा ठपका आहे. चौकशी होईपर्यंत मुख्यालय सातारा. म्हणजे परवानगीशिवाय हे शहर सोडायचं नाही. सोडलं तर नोकरी गेली असं धरायचं. पोवई नाक्याजवळ बायकांच्या वसतिगृहात राहते. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. सकाळी उठते, वेणी घालते, आणि कुठं जायचं नाही हे आठवतं. पूर्वी नोकरीत अडकल्यासारखं वाटायचं. आता नोकरी नाही आणि अडकणं तेवढं शिल्लक आहे. किल्ल्याची चढण चढून येते, म्हणजे दमून झोप लागते. वसतिगृहाच्या मावशी म्हणतात, पोरी, तू रोज गड जिंकतीस का काय.

माझी काळजी करू नका. काळजी दुसरी आहे. मी निघाले त्याच दिवशी त्यांनी नवा दांडा करून दरवाजा बंद केला. आता परतीचा पाऊस लागला आहे. तलाव पुन्हा भरत असेल. मुरूम काढला का, कुणाला विचारू? दोन अर्ज दिले, दोन्हींवर उत्तर एकच, निलंबित कर्मचाऱ्यानं कामकाजात लक्ष घालू नये. भिंत पडली नाही, म्हणून मी खोटी ठरले. ती पडली नाही, कारण पाणी नव्हतं. हे कुणाला सांगू? पाऊस वाजला की मी कानात बोटं घालते, आणि मग ऐकू आलं नाही तर, म्हणून काढते.

आईचा डबा क्वार्टरवरच राहिला. नाथाजीकाकांच्या हाती देईन असं आकारामकाका म्हणाले होते. तो घरी पोचला का, तेवढं तरी कळवा.

माझ्यावर लोभ करा असं म्हणायचा हक्क मला आहे का नाही, ते तुम्ही ठरवा.

शिवांजली

•

सातारा,
२८ सप्टेंबर २०२४

चि. शिवांजलीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

डबा परवा पोचला. नाथाजीनं दिला. घासायला म्हणून आईनं उघडला तर आत पेपरात गुंडाळलेली काचंची बाटली. आकारामचा निरोप एवढाच, का ताईनं दावलं तसं धरलंय, आन डबा रिकामा पाठवू ने म्हणत्यात म्हणून हे घातलंय.

बाटली देवळीत ठिवली. आई आन मी सांजंपतोर तिच्याकडं बघत बसलो. पाणी वर नितळत गेलं तशी खाली माती बसत गेली. तू बोटभर म्हणालीवतीस. ही चार बोटं हाय.

नाथाजी सांगतो, मांडवाच्या जागी मुरूम खचलाय, चुलीवर आधण उकळावं तसं पाणी खालनं वर येतंय. तळं काठोकाठ हाय. सांडव्यावरनं पडाय लागलं तसा दादांनी परत मुहूर्त काढलाय, पयलं पूजन अपशकुनी झालं म्हणून. तुझ्या जागी आलेला नवा साहेब जीपमधनं खाली उतरत न्हाई. मी तालुक्याला फोन केला, तर शनिवार-रविवार सुट्टी हाय, सोमवारी बघतो म्हणाले. आकाराम दारोदार हिंडून सांगतोय, पण वाडीतलं कुणी हलंना. बनाबाई म्हणाली म्हणं, ती पोरगी सांगत हुती तवा आमी शिव्या दिल्या, आता तिनं येऊन सांगितलं तरच उठू.

फोन केला न्हाई. फोनवर मी बरी हायस न्हवं म्हंतो आन तू व्हय म्हंतीस. म्हणून पहाटंच निघून आलो. पुरुषमाणसाला वर सोडत न्हाईत, तवा ही चिठ्ठी मावशींच्या हाती देतोय. मी खाली फाटकात उभा हाय. संग आपल्या गावचे पेन्शनीतले सगळे फौजी हायत, तोच टेम्पो हाय. पाऊस थांबंना. घरं उठवायचं काम आमी करू, पण कुठल्या घरात म्हातारं माणूस हाय, कुठली वाट पाण्यात जाणार न्हाई, ते तुलाच ठावं. वाडीतली माणसं तुझ्याच तोंडाकडं बघणार हायत.

आईनं डब्यात भाकरी भरल्यात, सगळ्यांना पुरतील एवढ्या. ती हिरवी साडी बी संग दिलीय. ती कशाला, ते तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई.

शहर सोडायला परवानगी लागती म्हणालीस.

मी दिली. बूट घालून ये.

तुझा आबा,
हंबीरराव