शेततळ्यातला श्वास

बाई, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण माझी शाळा काही सुटलेली नाही बघा. नववीचा तो तास आठवतो. टेबलावर तुम्ही लाल मातीचं ढेकूळ, गंजलेली कडी आणि पाण्याचा पेला मांडला होता. तुमची ती निपाणीकडची बोली! "ह्या सगळ्यात ऑक्सिजन हाय. मातीत न् गंजात लोखंडाला धरून, पाण्यात हायड्रोजनला धरून. लई वर आभाळात तीन-तीन अणू एकत्र येऊन ओझोन होतोय. मग मासा कुठला घेतोय सांगा." मी आपली शहाणी, ताडकन उठले, "पाण्यातलाच की बाई, एच-टू-ओमधला!" तुम्ही कमरेवर हात ठेवलात. "असं व्हय? मग तू बी हिरीत जाऊन बस की गं! त्यो बांधलेला हाय, माशाला उपयोगाचा न्हाय. हवेतला मोकळा ऑक्सिजन पाण्यात विरघळतोय, त्याच्यावर मासा जगतोय. आणि त्यो लई थोडा असतोय." सगळा वर्ग खो खो हसला. अस्सा राग आला होता मला तुमचा!

आता परवाचं सांगते. काकतीच्या आमच्या शेततळ्यात यंदा पहिल्यांदाच मासे सोडलेत, माझ्याच हट्टानं. गावानं नावं ठेवली, पण सासरे माझ्या बाजूनं उभे राहिले. आठवडाभर आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. पहाटे जाऊन बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सासरे पेंडीची पाटी घेऊन धावत आले. "भुकेजलीत गं बिचारी!" मी ओरडले, "मामा, टाकू नका! भूक न्हाय, दम लागलाय त्यांना! ऊन न्हाय, शेवाळानं ऑक्सिजन सोडलेला न्हाय. पेंड कुजली तर उरलासुरलाबी जाईल." नशीब, लाईट होती. पंप चालू केला, पाईप उंच धरला आणि तळ्यातलंच पाणी तळ्यात फवारत राहिलो. मामा चिंब भिजलेले. "तळ्यातलं पाणी तळ्यातच? येड लागलंय व्हय तुला?" म्हणतात, आणि पाईप काही सोडत नाहीत. पाणी पडत होतं तिथं मासे गोळा झाले. मग ऊन आलं आणि एकेक करून खाली गेले. थोडे दगावले, बाकी सगळे वाचले. बाई, मला बांधावर नाचावंसं वाटलं! मामा आता कंग्राळीच्या पाहुण्यांना फोनवर शिकवतायत, "पाण्यालाबी वारा लागतोय."

हे पत्र टाकायचं कुठं? राहू दे माझ्याजवळच. एक मात्र कबूल करते. त्या गडबडीत मला तुमची आठवणसुद्धा आली नाही. हात आपले चालत होते आणि मी जे बोलत होते ते सगळं मला माझंच वाटत होतं. तुम्ही आठवलात ते मागाहून, ओल्या साडीत चहा पिताना. मग मात्र खूप रडले, बाई.