भीती वाटावी इतका उजेड

ता. ४ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खिडकीशी नाक लावून दोनदा वाचलं. उरलेल्या एका डोळ्याला एवढंच झेपतं. इंग्रजी पुस्तकांत उजेडाच्या शब्दाला भीतीचा शब्द चिकटलेला असतो आणि माझी नात त्यावर मोठा अभ्यास करते, हे सांगून शेजारणीपाशी मी इतका भाव खाल्ला की ती आता मला बघून दार लोटते. हुशार मुलीलाही ते 'भीती वाटावी इतकी ब्राइट' म्हणतात म्हणे. अगं, आपणही 'भयंकर हुशार' म्हणतोच की. तू रांगत होतीस तेव्हाच मी म्हटलं होतं.

तर सांगायचं ते राहिलंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नाही म्हटलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली, वर मोठा दिवा असेल, डोळा उघडा ठेवायचा. एवढे शिकलेले लोक ज्या उजेडाला घाबरतात, त्याच्याखाली मी अडाणी बाई कशी आडवी होऊ? तुझा बाप हसला. म्हणाला, आई, तू तर सापालाही काठीने हाकलतेस. त्याला हसायला काय जातंय. हा डोळा बिघडला तर सगळाच काळोख. आज अंधुक का होईना, तुझं अक्षर तरी दिसतं.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ९ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझेच डोळे पांढरे झाले. मी हौसेने काय लिहिलं आणि तू काय करून बसलीस. बाबांनी डॉक्टरांना विचारलं. आणखी थांबलीस तर हाही डोळा हातचा जाईल.

चूक माझी. मी तुला अर्धंच लिहिलं. पुस्तकातली ती माणसं उजेडाला घाबरतात ती बहुतेक वेळा अंधारातून बाहेर येताना. तळघरातून, बोगद्यातून, लांबच्या आजारातून. घाबरतात, डोळे मिटून घेतात. पण परत आत गेलेला मला अजून एकही सापडला नाही. आजी, घाबर, पण जा.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ ठेव.

तुझी भिंगरी

ता. २३ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेले बाई एकदाची. दिव्याखाली तुझ्या त्या बोगद्यातल्या माणसांना आठवत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि असा लख्ख उजेड आत घुसला की मी डॉक्टरीणबाईचा हात घट्ट धरून म्हटलं, दिवा बंद करा. ती म्हणाली, आजी, दिवा नाही, नुसती खिडकी आहे.

मग समोर एक म्हातारा दिसायला लागला. केस पांढरे, तोंड त्याहून पांढरं, माझ्या चपला छातीशी धरून उभा. हा कोण म्हणून बघते तर तुझा बाप. माझ्या लेकाचे केस पिकले हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सारखा हसायचा, म्हणून वाटायचं याला कसली काळजीच नाही. मी बघतेय म्हटल्यावर चपला आणखीच घट्ट धरल्या गं त्याने. मी म्हटलं, ठेव त्या खाली, मला दिसतंय. तर तो तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

पुस्तकवाल्यांचं खरं आहे. उजेड आला की भीती दिसतेच. आपली नाही तर दुसऱ्याची.

लोभ होता तेवढाच असू दे. आता कमी झाला तर मला दिसेल.

तुझी आजी